घाट चढून घरी जाणारा विद्यार्थी

पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या आहेत. तारकर्ली-मालवणात स्कूबाच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमाच्या तुकड्या भरू लागल्या आहेत. या हंगामात प्रशिक्षकांनी नोंदणी अर्जावरचा एक रकाना नीट वाचावा: विद्यार्थ्याचे गाव.

समजा तिथे मंद्रूप लिहिले आहे. सोलापूरहून विजयपूरकडे जाताना लागणारे, समुद्रापासून फार लांबचे गाव. तिथून आलेला पोरगा पाण्याला बिचकेल असे मात्र धरून चालू नका. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून तो विहिरीत पोहायला शिकलेला असतो. काठावरून मुटका मारतो, तळ गाठल्याचा पुरावा म्हणून मूठभर गाळ वर आणून दाखवतो. 200 मीटर पोहणे, 10 मिनिटे तरंगणे या चाचण्या तो हसत पार करतो आणि आपण निर्धास्त होतो. घोळ इथेच आहे.

विहिरीने त्याला श्वास कोंडायला शिकवलेले असते. तिथे ते चालते, कारण छातीतली हवा काठावरच घेतलेली असते. खाली दाबली जाते, वर येताना मूळ आकारावर येते, त्याहून फुगत नाही. सिलिंडरमधली हवा तो भोवतालच्या दाबाने घेतो. 10 मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास कोंडून तो वर आला, तर पृष्ठभागी त्या हवेचा आकार दुप्पट होतो. भरल्या छातीने जेमतेम सव्वा मीटर वर येऊनही फुफ्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे उथळ तलावसुद्धा यातून सुटत नाही. शहरी नवशिका घाबरला की धापा टाकतो, ते निदान दिसते. विहिरीतला पोहणारा अडचणीत सापडला की तोंड मिटून सरळ वर सुटतो आणि पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. म्हणून अशा विद्यार्थ्याचा पहिला दिवस एकाच गोष्टीवर घालवा: रेग्युलेटर तोंडाबाहेर असताना ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. मास्क काढणे, बॉयन्सी वगैरे तो तुमच्याआधी शिकेल.

दुसरी गोष्ट परतीच्या रस्त्याची. शेवटची बुडी दुपारी, संध्याकाळी गाडी, सकाळी सोलापूर, हा या पोरांचा ठरलेला हिशेब. रजा तेवढीच असते. पण वाटेतले आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे आणि मालवणहून तिथे काही तासांतच पोचता येते. विमानप्रवासासाठी आपण सांगतो तो नियम, एका बुडीनंतर 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास, मुळात 600 ते 2400 मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. शरीरातल्या नायट्रोजनला ती उंची विमानाने गाठली की एसटीने, हे कळत नाही. वर्गात आपण विमान शिकवतो, कारण पुस्तकात विमान आहे. गाडीने घाट चढणाऱ्याला मात्र आपण टाटा करून मोकळे होतो. तुकडीचा शेवटचा दिवस पोहण्याचा नव्हे, लॉगबुक भरण्याचा ठेवा. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च शुल्कातच धरा. स्पर्धेत दर वाढतो म्हणून कुरकुर होईल, होऊ द्या.

आता पायऱ्यांबद्दल. ओपन वॉटरच्या 4 बुड्या, पुढे 5 बुड्या, की हातात ‘ॲडव्हान्स्ड’चे कार्ड आणि 30 मीटरची मुभा. नऊ बुड्यांच्या माणसाला हे विशेषण लावणे आम्हाला कधीच पटलेले नाही. कार्ड मालवणात राहिले असते तर एवढी चिंता नव्हती. ते मंद्रूपला जाते, आणि तिथून भीमा जवळ आहे. कुडलला तिला सीना मिळते. कोणी बुडाले की गावात आजवर कोळी-भोयांना बोलावणे जायचे, गळ आणि जाळे घेऊन ते उतरायचे. आता काठावरचे लोक या पोराकडे बघतात: तू तर शिकून आलायस ना?

त्याला नाही म्हणायला आपण शिकवलेले नसते. भीमेच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. वाळूउपशाचे खड्डे, वेड्या बाभळीची खोडे, तुटकी जाळी, बंधाऱ्याच्या दारांतून ओढणारे पाणी, यांतले काहीही आपल्या अभ्यासक्रमात नाही. रेस्क्यू डायव्हरची पायरी सोबतच्या पाणबुड्याला वाचवण्याची आहे, नदीतून प्रेत काढण्याची नाही. त्या कामाला कमरेला दोर, काठावर तो दोर सांभाळणारा सराईत माणूस आणि वेगळे प्रशिक्षण लागते. मे 2024 मध्ये उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून 6 जण बुडाले, त्यांच्या शोधाला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणावे लागले. त्याच आठवड्यात अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरेत शोध घेताना बोट उलटली आणि राज्य दलाचे 3 जवान गेले. शिकलेले, सरावातले जवान होते ते.

हौस म्हणून उजनीत उतरू म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचे राहते. या जलाशयाची पूर्ण संचय पातळी 496.83 मीटर आहे. 300 मीटरच्या वर बुडी ‘उंचीवरची’ धरली जाते, म्हणजे मालवणात पाठ केलेले तक्ते तिथे जसेच्या तसे लागू नाहीत. डाइव्ह कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतो की हाताने लावावी लागते, हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे का, ते कार्ड देण्याआधी विचारा. डाइव्हमास्टरकीला आलेल्यांनाही विचारा. 40 बुड्या नोंदवून आलेल्या माणसाने त्या सगळ्या एकाच किनाऱ्यावर मारलेल्या असू शकतात.

पुढच्या अंकापासून घाटमाथ्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे अनुभव आम्ही छापणार आहोत. लिहून पाठवा, फक्त विद्यार्थ्यांची नावे गाळा.