सही कोणाची?

मराठीच्या पहिल्या तासाला मी मुलांना दर वर्षी एक वाक्य ऐकवतो : छापलेले असेल ते सगळे वाचावे, आणि समजल्याशिवाय मान डोलावू नये. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि विसरून जातात. त्यांना मी बोल लावीत नाही. कारण गेल्या वर्षी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, त्यांच्या सरांनीही तेच केले.

त्याचे असे झाले. आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. तासाभरात आम्ही एका खासगी रुग्णालयाच्या खिडकीपुढे उभे होतो. खिडकीतल्या बाईंनी सहा-सात कागद पुढे सरकवले. पेन्सिलीच्या फुल्या आधीच मारून ठेवलेल्या होत्या. "इथे, इथे आणि इथे सही करा." मी केल्या. त्या घडीला त्यांनी माझ्यापुढे घराचे खरेदीखत ठेवले असते, तरी त्यावरही केली असती.

रात्री आईजवळ बसलो, तेव्हा तिने विचारले, "कसले कागद होते रे?"

"ऑपरेशनचे."

"काय लिहिलं होतं त्यात?"

मी गप्प.

"म्हणजे हाड माझं आणि सही तुझी? तीसुद्धा न वाचता?"

आईची शाळा सातवीतच सुटली. पण एम. ए. झालेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. सकाळी उठून वकिली करणाऱ्या एका जुन्या मित्राला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "आईंचं बरोबर आहे. त्या शुद्धीवर आहेत, त्यांना सगळं कळतंय. मग संमती त्यांचीच हवी. तू फार तर साक्षीदार."

मग त्याने मला समीरा कोहली यांचा खटला सांगितला. बाई तपासणीसाठी भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला, की जिवावर बेतलेले नसताना सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची संमती चालणार नाही. बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. तिथे मुलीसाठी आईने सही केली होती, इथे आईसाठी मुलाने. चूक मात्र एकच.

वाचकहो, त्या दोन दिवसांत मी जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. त्याखालच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक पंधरा बाबींचे दर, म्हणजे खाटेचे, डॉक्टरांच्या भेटीचे, भुलेचे, प्राणवायूचे वगैरे, दर्शनी भागी लावणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. आजार काय, उपचार कोणता, धोका कोणता, खर्च किती, हे रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असतील, तर जवळ दुसरी स्त्री हवी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे म्हटले, तर आडकाठी करता येत नाही. आणि घरावर दुःखाचा प्रसंग आलाच, तर बिल राहिले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रारीसाठी स्थानिक नोंदणी अधिकाऱ्यांनी, शहरात म्हणजे महापालिकेने, निःशुल्क दूरध्वनी ठेवावा, असेही नियम सांगतात. अपघाताचा रुग्ण आला तर आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार मागाहून, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवले आहे, आणि ते सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. उपचारांचे कागद मागितले, तर डॉक्टरांनी ते ७२ तासांच्या आत द्यावेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे.

आमच्या रुग्णालयातही फलक होता. फक्त त्याच्यापुढे आकाशकंदिलांचे खोके रचून ठेवलेले होते. चार दिवस मी त्या खोक्यांना टेकून चहा प्यालो!

पण डॉक्टरांवर अन्याय नको. मी संकोचत त्यांना म्हणालो, "आईला कागद वाचून दाखवायचे आहेत." ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी खुर्ची ओढली, आईशेजारी बसले आणि म्हणाले, "विचारा आजी." आजींनी तीनच प्रश्न विचारले. भूल पूर्ण देणार की कमरेखाली? चालायला कधी लागेन? आणि पैसे किती? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर तिने चष्मा मागवला, नव्या कागदावर आपल्या गोल अक्षरात सही केली आणि मला म्हणाली, "आता मला भीती वाटत नाही."

जाताना डॉक्टर म्हणाले, "सर, कागद वाचून घेणारा माणूस महिन्यातून एखादा भेटतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती ती आपल्याविषयी, आणि ती खोटी नव्हती.

त्या कायद्याच्या मराठी नावात 'शुश्रूषागृह' असा शब्द आहे. शुश्रूषा म्हणजे सेवा, असे आम्ही वर्गात सांगतो. पण संस्कृतात त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातूनच पुढे आला. वीस वर्षे ही व्युत्पत्ती मी फळ्यावर लिहीत आलो. तिचा अर्थ मात्र त्या खुर्ची ओढून बसलेल्या डॉक्टरांनी आणि कान देऊन ऐकणाऱ्या आईने मला समजावला.

या दिवाळीला आई काठी टेकत का होईना, स्वतः अंगणात पणत्या ठेवते आहे. परवा इस्त्रीवाल्याचा हिशेबाचा कागद आला. मी खिशातून पेन काढले, तोच आतून आवाज आला, "आधी वाच!"