मैदानाबाहेरचा पराभव

युक्रेनमधील ‘नीप्रो’ या फुटबॉल संघाचा अंत मैदानावर झाला नाही. १९८३ व १९८८ साली सोव्हिएत विजेतेपद मिळविणाऱ्या या संघाचा पालक म्हणजे क्षेपणास्त्रांचा सरकारी कारखाना. त्यापायी शहर परकीयांना बंद. युरोपीय सामने क्रिवी रीह येथे खेळावे लागत! सोव्हिएत राज्य लयास गेल्यावर संघ कोलोमोयस्की या धनिकाच्या हाती आला. २०१५ साली वॉर्सा येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सेव्हियाकडून ३-२ असा झालेला पराभवही भूषणावहच होता. परंतु माजी प्रशिक्षकांचे वेतन थकले, आणि जागतिक महासंघाने संघास खालच्या श्रेणीत ढकलले. निर्णय नियमास धरून होता, हे आम्हांस मान्य आहे. पण शिक्षा धनिकास न होता खेळाडूंस व प्रेक्षकांस झाली. वॉर्सानंतर अवघ्या चार वर्षांत, २०१९ साली, संघ विसर्जित झाला.