उभ्याने संसार करणारे पाय

प्राध्यापकी हा बैठा व्यवसाय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लागोपाठ चार तास फळ्यापुढे उभे राहून पाहावे! विट्याच्या यंत्रमागावरचा कामगार, साताऱ्याच्या चौकातला हवालदार, सांगलीच्या पेठेतला न्हावी आणि ओट्यापाशी खिळलेली गृहिणी, ही सारी आमचीच व्यवसायबंधू मंडळी. यांच्यापैकी कित्येकांच्या पोटऱ्यांवर निळ्या, वळसेदार शिरा फुगून येतात. डॉक्टर त्यांना ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. घरची वडीलधारी माणसे ‘तेल चोळ’ म्हणून मोकळी होतात.

तेलाने क्षणभर बरे वाटेल, पण बिघाड असतो आत. पायातले रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा या झडपांचीच साक्ष काढली होती. चालताना हा पंप चालतो, नुसते उभे राहिले की थंडावतो. आनुवंशिकता, वय, वजन, बाळंतपणे हीही कारणे आहेतच. झडपा ढिल्या झाल्या की रक्त साचते आणि शीर फुगते.

रोमन सेनापती मारियसने न बांधून घेता एका पायाच्या शिरा कापवून घेतल्या, असे प्लुटार्क सांगतो. दुसरा पाय मात्र त्याने पुढे केला नाही; एवढ्या वेदनांच्या मानाने लाभ थोडा, असे त्याला वाटले! डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले आणि आपल्या मुलखाला शस्त्रक्रियेची ओळख झाली. तरी सुरीची धास्ती घरोघर उरलीच. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घोट्याजवळची जखम दोन वर्षे लुगड्याच्या काठाखाली झाकली. आधी कातडी काळवंडली, मग खाज, मग न भरणारा व्रण.

वास्तविक आता मारियसचे धैर्य लागत नाही. पूर्वी जांघेत छेद घेऊन शीर बांधीत आणि ओढून काढीत. आजही काहींना ते करावे लागते. लेसरमध्ये जागा बधिर करून सुईवाटे बारीक तंतू शिरेत घालतात आणि उष्णतेने ती आतून बंद करतात. रक्त खोलवरच्या निरोगी शिरांनी वर जाते. रोगी बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. मात्र त्या खोल शिरा धड आहेत की नाहीत, हे डॉप्लर तपासणीने आधी पाहावेच लागते. शिवाय पुढे नव्या शिरा फुगणारच नाहीत, अशी हमी कोणतीही पद्धत देत नाही. बाईंचा व्रण उपचारानंतर भरला. दोन वर्षे मात्र फुकट गेली.

तेव्हा या दिवाळीत चकलीच्या घाण्यापुढे उभ्या असलेल्या माउलीला हाताशी उंच स्टूल द्या, मधूनमधून चार पावले चालू द्या आणि रात्री तिचे पाय उशीवर ठेवा. घोट्याजवळ काळसरपणा दिसला, तर भाऊबीज आटोपताच तिला डॉक्टरांकडे न्या. ओवाळणी पुढच्या वर्षीही घालता येईल. व्रण तेवढा थांबायचा नाही.