आधी टाकी, मग गन

उद्यमबागेत किंवा मच्छे येथे एखादा तरुण स्वतःचे रंगकामाचे छोटे युनिट काढावयास निघाला, की अभियांत्रिकी शिकलेल्या आपल्या मित्राला तो पहिला प्रश्न विचारतो, "गन कुठली घेऊ रे?" मित्रही मोठ्या तत्परतेने चार कंपन्यांची गुळगुळीत पत्रके त्याच्यापुढे पसरतो. मग गन ठरते, गनच्या मागोमाग भट्टी, भट्टीच्या मागोमाग बूथ, आणि बँकेच्या कर्जातून काही शिल्लक राहिलेच तर धुण्याच्या टाक्या! आमच्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आधी रंगवायची वस्तू पाहावी, मग ती कशी धुतली जाणार ते पाहावे, आणि गनचा विचार सर्वांत शेवटी करावा.

कथा-कवितांच्या पंक्तीत ही रंगाची भट्टी कोठून येऊन बसली, असे आमचे संपादक मंडळ कदाचित विचारील. परंतु या अंकाच्या मराठी आणि कानडी दोन्ही विभागांचे वाचक उद्या याच कारखान्यांत नोकरीला लागणार आहेत, कोणी त्यांची कर्जप्रकरणे तपासणार आहेत, कोणी त्यांचे हिशेब लिहिणार आहेत. शिवाय शॉपफ्लोअरवर भाषेचा वाद उरत नाही. तेथे मराठी बोलणाऱ्याचा 'जॉब' आणि कानडी बोलणाऱ्याचा 'जॉब' एकच असतो.

प्रथम दोन पद्धतींतील भेद पाहू. द्रवरूप रंगात रंगद्रव्य व राळ विद्रावकात किंवा पाण्यात मिसळलेली असतात. फवारल्यानंतर विद्रावक उडून जातो आणि थर उरतो. पावडर कोटिंगमध्ये विद्रावकच नसतो. रंगाची कोरडी भुकटी विद्युतभारित करून जमिनीशी जोडलेल्या वस्तूवर उडवतात, ती चिकटून राहते, आणि भट्टीत वितळून तिचा कठीण थर बनतो. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू हवेने खळबळत्या ठेवलेल्या भुकटीत बुडवण्याची रीत काढली. विद्युतभाराने फवारण्याची रीत साठच्या दशकात रूढ झाली. विद्रावकाची वाफ नाही, खाली पडलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते, आणि एकाच हातात ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसतो. एवढे गुण असताना सर्वांनीच पावडरकडे धाव घ्यावी यात नवल ते काय?

परंतु आपल्या गावात तयार होते काय, याचा विचार किती जण करतात? बेळगावची ओळख बिडाच्या ओतकामाची आणि हायड्रॉलिक पंप-सिलिंडरांची. पावडर पिकायला साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान दहा-पंधरा मिनिटे लागते. आणि हे तापमान भट्टीतील हवेचे नव्हे, प्रत्यक्ष धातूचे. येथे अकरावीच्या भौतिकशास्त्राएवढे गणित पुरे. एक चौरस मीटर पृष्ठभाग एका बाजूने रंगवायचा आहे असे धरा. पत्रा १ मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन सुमारे ८ किलो. त्याला ३० अंशांवरून २०० अंशांवर न्यायला विजेचे एक पंचमांश युनिटही लागत नाही. तेवढाच पृष्ठभाग २५ मिलिमीटर जाडीच्या बिडाच्या कास्टिंगचा असेल, तर वजन १८० किलो आणि उष्णता सव्वाचार युनिटे! भट्टीच्या भिंतींतून आणि दारातून वाया जाणारी उष्णता वेगळीच. रंग तेवढाच, क्षेत्रफळ तेवढेच, पण खर्च जवळजवळ चोवीस पट. पत्रक देणारा विक्रेता हे गणित मांडून दाखवीत नाही.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत हवा, ओल, कापताना वापरलेले तेल दडून बसते. भट्टीत वस्तू तापली की हे सारे बाहेर पडू पाहते आणि नेमक्या वितळलेल्या थरातून फुटून टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. यावर उपाय आहे : वस्तू आधी पिकण्याच्या तापमानाहून अधिक तापवून घ्यावी, मग पावडर मारावी. पण म्हणजे भट्टी दोनदा. आणि पंप जोडून, तेलाची चाचणी घेऊन तयार झाला असेल तर त्यातील रबरी सील २०० अंशांत घालणार कसे? अशा मालाला द्रवरूप रंगच योग्य. त्याला जुनाट पद्धत म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

उलट ज्याच्याकडे पत्र्याचे काम आहे, म्हणजे कपाटे, विजेचे पॅनेल, खिडक्यांच्या जाळ्या, त्याने पावडर निःशंकपणे घ्यावी. मात्र त्यालाही दोन प्रश्न विचारावेत. माल उन्हात राहणार की घरात? केवळ इपॉक्सी पावडर उन्हाने खडूसारखी होते. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर हवी. आणि दिवसातून रंग किती वेळा बदलणार? एक किलो पावडरीत ६० मायक्रॉनचा थर सुमारे ११ चौरस मीटरांवर बसतो, हे गणित उडालेली भुकटी पुन्हा वापरली तरच जमते. दिवसात सहा रंग मारणाऱ्याला दर वेळी बूथ आणि सायक्लोन झाडून काढावे लागतात. तेथे पुनर्वापराची महागडी यंत्रणा शोभेची वस्तू होते.

आता धुण्याकडे वळू. रंग टिकतो तो रंगामुळे कमी आणि त्याखालच्या पृष्ठभागामुळे अधिक. पोलादी मालासाठी आपल्याकडे 'सेव्हन टँक' म्हणून जी रीत प्रसिद्ध आहे, तिच्यात तेल काढणे, धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर चढवणे, पुन्हा धुणे, आणि शेवटी तो थर बंदिस्त करणे अशा पायऱ्या येतात. टाक्यांचा क्रम जागोजागी थोडा बदलतो. हे काम दिसायला नीरस. त्यात ना किलोव्होल्ट, ना डिजिटल पडदा. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने उत्तम परदेशी गन घेतली आणि टाक्यांऐवजी रॉकेलचा बोळा ठेवला. फाटकांचा माल चकचकीत निघाला. बेळगावचा पाऊस काय असतो हे वाचकांना सांगावयास नको. एका पावसाळ्यात जोडांपाशी पोपडे उठले आणि गिऱ्हाईक फाटक घेऊन दारात उभे राहिले. गन बिचारी निर्दोष होती.

टाक्या म्हटल्या की पाणी आले, आणि त्या पाण्याचे पुढे काय, हाही प्रश्न आला. आम्ल, फॉस्फेट, काही ठिकाणी षट्‌संयुजी क्रोमियम, जे कर्करोगकारक आहे, हे सारे नाल्यात सोडून शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीकडे पाठवणे हा धंदा नव्हे, गुन्हा आहे. क्रोमियम टाळणाऱ्या झिर्कोनियमच्या प्रक्रिया आता मिळतात. तेव्हा टाक्यांच्या अंदाजपत्रकात सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा. तो परवडत नसेल तर युनिटच परवडत नाही असे समजावे.

गनविषयी थोडेच सांगतो. कोरोना गनची टोकाची विद्युतदाबक्षमता बहुधा १०० किलोव्होल्टपर्यंत असते, आणि नवशिका ती पूर्ण पिळूनच वापरतो. परिणामी खोबणीत आणि आतल्या कोपऱ्यांत भुकटी शिरतच नाही, कारण विद्युतक्षेत्र कडांवरच अडते; तेथे दाब कमी करावा लागतो. हुकावर जुन्या रंगाची पुटे चढली की जॉबचा जमिनीशी संबंध तुटतो, आणि मग कितीही भारी गन असो, भुकटी जमिनीवरच पडते. जून ते सप्टेंबर दमट हवेत पावडरीचे गोळे होतात, म्हणून कॉम्प्रेसरला हवा कोरडी करणारे यंत्र जोडावे. गनवरची घासाघीस थोडी कमी करून ते घेतलेले बरे.

द्रवरूप रंगाच्या उपकरणांतही असाच विवेक हवा. साध्या हवेच्या गनमधून निम्म्याहून अधिक रंग बहुधा हवेतच जातो. जास्त हवा, कमी दाब या तत्त्वाच्या गनमध्ये टोपीपाशी दाब १० पीएसआयच्या आत राहतो आणि रंग वस्तूवर अधिक बसतो. मोठ्या पृष्ठभागांना एअरलेस पंप उपयोगी, परंतु त्याची धार बोटात घुसली तर बोट गमवावे लागते हे शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगावे. आणि आता आम्हांला ज्याचा खरोखर राग येतो ते. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की नंतर किंचित वासही सोसवत नाही. बूथमध्ये उभ्या असलेल्या पेंटरला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. प्रत्यक्षात त्याच्या तोंडावर काय असते? रुमाल! लाखांच्या यादीत हा मुखवटा शोधूनही सापडत नाही, आणि यादी करणारा बहुधा आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेला असतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एक सूचना. तुमचा सल्ला कोणी विचारला तर पत्रके उघडू नका. त्याच्या कारखान्यातला खरा, तेलकट, गंजलेला जॉब उचला आणि विक्रेत्याच्या चाचणीकेंद्रात घेऊन जा. त्याने घासून ठेवलेल्या नमुन्याच्या पट्टीवर भुलू नका. रंग झाल्यावर जाडीमापकाने दहा जागी जाडी मोजा, खोबणीतही मोजा. पात्याने जाळीसारखे काप देऊन चिकटपट्टी ओढून पाहा. दुसरा नमुना मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीला पाठवा. अशा चाचणीला जो विक्रेता टाळाटाळ करील त्याचे पत्रक बाजूला ठेवा; जो तयार होईल त्याच्याकडे पत्रा, बिडाचे कास्टिंग आणि सीलसह जोडलेला पंप असे तिन्ही नमुने पाठवा, आणि पंप भट्टीत घालू का असे तो स्वतःहून विचारतो की नाही ते पाहा.