प्रवाळाच्या टाकीला कंट्रोलर हवा, पण केवढा?

बेळगावच्या हवेचे कौतुक करणाऱ्याने एकदा घरात समुद्री टाकी सांभाळून पाहावी. डिसेंबरच्या पहाटे स्वेटर लागतो आणि एप्रिलच्या दुपारी पंखाही पुरत नाही. प्रवाळाला मात्र बाराही महिने 25-26 अंशांचे पाणी हवे. मुंबईच्या हौशी माणसाला चिलरची काळजी असते; इथे हीटर आणि पंखा एकाच आठवड्यात आळीपाळीने लागतात. त्यामुळे तापमान बघून त्यांना चालू-बंद करणारे यंत्र इथे चैनीत मोडत नाही. प्रश्न आहे तो केवढे घ्यावे याचा.

अमेरिकेतला नेपच्यूनचा एपेक्स किंवा जर्मनीतला जीएचएलचा प्रोफिलक्स हे सर्वगुणी कंट्रोलर. तापमान, पीएच, खारटपणा, पाण्याची पातळी, गळती हे सगळे ते बघतात आणि मोबाइलवर इशारा धाडतात. त्यांचा खरा मोठेपणा नोंदीत आहे. रात्री पीएच किती उतरतो, दुपारी पाणी किती तापते, हे दिवसातून एकदा परीक्षानळी हातात धरणाऱ्याला कळत नाही. आलेख ते दाखवतो. नोकरी पुण्याला आणि टाकी टिळकवाडीच्या घरी असेल, तर असे यंत्र घेणाऱ्याला आम्ही उधळ्या म्हणणार नाही.

पण पावसाळ्यात तारेवर फांदी पडून लाईट गेली की त्याच घरात काय होते? आधी वायफायचा राउटर बंद पडतो. इशारा हवा असतो नेमका तेव्हाच तो पोचत नाही. आणि अशा वेळी टाकीवर पहिले संकट तापमानाचे नसते. पाणी हलायचे थांबते, ऑक्सिजन घटतो आणि मासे गुदमरतात. तिथे उपयोगी पडते ती बॅटरी. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी इन्व्हर्टरवर चालणाऱ्या वेव्ह पंपावर घालावेत, हे आमचे ठाम मत. निपाणीकडच्या वाडीवस्तीवर तर दुसरा विचारच नको. शिवाय अमेरिकेतून कोणी पाहुण्याने बॅगेतून आणलेला कंट्रोलर असेल, तर त्याची पॉवरपट्टी 120 व्होल्टची निघू शकते. आपल्याकडे 230.

यंत्र चुकते तेव्हा किती चुकते, याचा हिशेब विकत घेण्यापूर्वी करावा. रिलेचे संपर्क चिकटले की हीटर बंदच होत नाही. 200 लिटर पाण्यात 200 वॅटचा हीटर असा अडकला आणि सगळी उष्णता पाण्यातच राहिली, तर पाणी तासाला सुमारे 0.9 अंश चढते. रात्रभराच्या झोपेत टाकीची आमटी. त्याऐवजी 100 वॅटचे दोन हीटर वेगवेगळ्या रिलेवर ठेवले, तर एकाच्या चुकीचा वेग निम्मा होतो. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. मोटरीच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावला, विहीर आटली आणि कोरडी चालून मोटर जळाली, म्हणून तर त्याने ड्राय रन संरक्षण बसवले.

बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरणाऱ्या यंत्राचेही तसेच. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात टाकी भराभर आटते, जुलैच्या दमट हवेत फारशी नाही. घड्याळावर ठरावीक पाणी सोडणारी व्यवस्था इथे फसते; पातळी बघणारा सेन्सरच हवा. आणि गोड्या पाण्याचा कॅन लहान ठेवावा. 20 लिटर चुकून 200 लिटरमध्ये ओतले गेले, तर खारटपणा 35 वरून 32 च्या आसपास येतो. वाईट, पण सावरता येण्याजोगे. आरओची नळी थेट टाकीला जोडणाऱ्याला मात्र कोणताही कंट्रोलर वाचवणार नाही.

आता कायद्याची बाजू, जिच्याकडे विक्रेते सोयीने काणाडोळा करतात. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून किंवा गोव्याहून एखादा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा. टाकीत मशरूम, झोअँथिड, चर्मप्रवाळ असे मऊ प्रकारच ठेवायचे, तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी रोजच्या रोज मोजून डोस देणाऱ्या महागड्या जोडण्यांना फारसे काम उरत नाही. ठरलेल्या दिवशी पाणी बदलले की बहुतेक भागते. म्हणजे पूर्ण कंट्रोलरच्या किमतीतला बराच हिस्सा इथे नुसता बसून राहणार.

तिसरी वाट स्वतः बांधायची: रास्पबेरी पायवर चालणारी रीफ-पाय ही मुक्त प्रणाली. बेळगावात ती अवघड नाही. उद्यमबागेत पॅनेल बांधणारे आहेत, शेजारीच अभियांत्रिकीची मुले आहेत. बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर, हा गुण परदेशी डब्यात नाही. धोका एवढाच की खारे पाणी आणि 230 व्होल्ट शेजारी नांदतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर हा उद्योग करूच नये. आणि तो ट्रिप झाला तर सगळेच बंद पडू नये म्हणून टाकीची उपकरणे दोन सर्किटांत वाटावीत.

मध्यम टाकी आणि माणूस घरात, अशा कुटुंबाला आम्ही साधा तापमान-कंट्रोलर, वेगळा पातळी-सेन्सर आणि बॅटरी सुचवू. पूर्ण संच घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला आधी विचारावे: लाईट येऊन-जाऊन झाल्यावर सेटिंग तशीच राहते का, इंटरनेटशिवाय तो चालतो का, आणि वर्ष-दीड वर्षात पीएचचा प्रोब संपला की नवा कोल्हापूर-बेळगावात मिळेल की मागवावा लागेल?