अक्काचा ‘क’ कुठे बसतो?

गेल्या रविवारी भालकीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. चहा व्हायच्या आत तिने तिसरीतल्या लेकाची मराठीची वही माझ्यापुढे टाकली. “बघ अण्णा, तुझ्या भाच्याचे प्रताप!” श्रुतलेखनात ‘अक्का’ शब्द होता. पठ्ठ्याने एक अख्खा ‘क’ काढून त्याच्या पायाशी दुसरा लहानसा ‘क’ लटकवला होता. वर लाल रेघ आणि खाली शेरा : ‘लक्ष नाही’. मुलगा दोन भाषांत गोंधळतो, धड मराठी ना धड कन्नड, असे पालकसभेतही सांगण्यात आले म्हणे. त्यामुळे पुढच्या वर्षी त्याला इंग्रजी माध्यमात घालायचे घरात चालले आहे. फॉर्म आणून ठेवलाय.

खरे सांगतो, मीही आधी हसलोच. मग वही पुन्हा पाहिली. कन्नडात जोडाक्षर लिहिताना पहिले अक्षर पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या खाली ओत्ताक्षर होऊन बसते. मराठीत उलट : पहिले अर्धे होते, दुसरे शेजारी पूर्ण. भाच्याच्या घरी आजी कन्नड, आई मराठी आणि शाळेत दोन्ही लिप्या. ‘अक्का’ तर दोन्हीकडची! त्याने नियम बरोबर लावला, फक्त लिपी दुसरी होती. आणि गंमत म्हणजे जुन्या छापील पोथ्यांत देवनागरीतला ‘क्क’ असाच एकाखाली एक असे. आजोबांची पोथी काढून मी दाखवला, तेव्हा बहीण गप्प झाली.

तो ‘घर’ वाचताना शेवटचा ‘र’ ओढतो, हीसुद्धा तक्रार होती. कन्नडात ‘मर’ म्हणजे झाड, आणि त्यातल्या ‘र’मधला ‘अ’ स्पष्ट म्हणावा लागतो. मराठीत तो आपण गिळतो. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्यासारखे आहे, हे आपल्यालाच कुठे ठाऊक असते?

कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीची २६ अक्षरे मूल वर्ष-दीड वर्षात ओळखू लागते. आपल्याकडे ३४ व्यंजने धरली तरी बाराखडीने चारशेच्या वर चिन्हे होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यांना असे दिसले की साधी अक्षरे आधी येतात, मात्रा-वेलांट्या मागून, जोडाक्षरे सर्वांत शेवटी. आणि हे काम चौथीपर्यंत चालूच असते. म्हणजे तिसरीत जोडाक्षर चुकणारे मूल मागे पडलेले नसते, ते वाटेवर असते. आपण मात्र पहिलीच्या दिवाळीलाच बाराखडी पाठ हवी म्हणून त्याच्या मागे लागतो.

दुसरा अभ्यास तर आपल्या दारातलाच. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ ते २०१६ या काळात महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि आपल्याकडच्या यादगीरला कन्नड शिकणारी मुले पहिलीपासून तिसरीपर्यंत पाहिली. यादगीर म्हणजे कालपरवापर्यंत गुलबर्ग्याचाच भाग. भाषा दोन, पण वर्गातले दृश्य बरेचसे एकच निघाले : फळ्यावरचे उतरवून घ्यायचे, एका सुरात म्हणायचे. अर्थाविषयी बोलणे फार थोडे. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलांना सलग मजकूर वाचता येत नव्हता. आणि दोष कुणाचा, तर पुष्कळदा मुलाच्या घराचा, असे शिक्षकांना वाटत होते.

शिक्षकांना नावे ठेवायला हे लिहीत नाही. एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणारे गुरुजी मी पाहिले आहेत. त्यांना ‘संशोधन वाचा’ म्हणणे ही थट्टा झाली. पण लाल रेघ मारण्याआधी “असे का लिहिलेस रे?” एवढे विचारायला काही खर्च येत नाही. भाच्याला मी विचारले, तर म्हणाला, “मामा, आजीच्या पुस्तकात असंच असतं.” मग आम्ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली. ‘कर्नाटक’ शब्द काढला. ‘र्’ म्हणायचा ‘ना’च्या आधी, पण मराठीत त्याचा रफार ‘ना’च्या डोक्यावर चढतो आणि कन्नडात त्याची खूण ‘ना’च्या मागे उभी राहते. ते पाहून तो इतका हरखला की दुकानांच्या पाट्यांवर रफार शोधत बसस्टँडपर्यंत माझ्याबरोबर आला. वर्गात दोन्ही भाषांची मुले असतील तर हा खेळ दहा मिनिटांत होतो.

आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत गणित उर्दूतून शिकले, घरी मराठी बोलले आणि बाजारात कन्नड. त्यांच्या वहीत कुणी काय शेरे मारले असतील कोण जाणे. पण तीन भाषांतला हिशेब त्यांचा कधी चुकला नाही.

बहिणीने फॉर्म अजून भरलेला नाही. भरूच नको, असे मीही म्हटलेले नाही. इंग्रजीची ओढ कुठून येते हे कॉलेजात रोज पाहतो. एवढेच म्हणालो, घालायचे तर घाल, पण तो गोंधळतो म्हणून घालू नकोस. तिच्या सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या कन्नडात काही पुटपुटल्या. भाच्याने लगेच मराठी करून सांगितले, “आजी म्हणते, मामा आज पहिल्यांदा कामाचं बोलला.”