सोळात आहे, अकरात नाही

खडवलीच्या एका भगिनीने विचारलं आहे: "माझा मुलगा चौदा वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. दोन वर्षं कल्याणकडच्या एका क्लबात जातो. सोळाजणांच्या यादीत नाव लागतं, पण मैदानात उतरायला मिळत नाही. रविवारी पहाटेच्या लोकलने जातो, दिवसभर पाण्याच्या बाटल्या पोचवतो आणि तोंड पाडून घरी येतो. त्याचे अब्बा म्हणतात, बंद कर हे. शेजारी म्हणतात, नाव बघूनच बाजूला ठेवलं असेल. मी काय करू?"

शेजाऱ्यांपासून सुरुवात करते. असं कुठेच होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण शंका घ्यायची तर हातात आकडे हवेत. सराव सामन्यात त्याने किती षटकं टाकली, किती बळी घेतले, त्याच्या जागेवर जो खेळतो त्याने किती घेतले? ही वही मुलालाच ठेवायला सांगा. आकडे त्याच्या बाजूने असतील तर प्रशिक्षकांना जाऊन सरळ विचारा, त्यात संकोच कसला? पण आकडे नसताना रोज जेवताना हीच चर्चा मुलाच्या कानावर पडली, तर चेंडू वळला नाही तरी त्याला कारण तयार मिळेल. मग तो चेंडू वळवायचा प्रयत्न कशाला करेल?

दुसरी गोष्ट साध्या हिशोबाची. अकराजणांत डावखुरा फिरकी गोलंदाज बहुधा एकच लागतो. पहिला चांगला असेल तर दुसराही चांगला असून बाहेर बसतो. यात अपमान काही नाही.

तुमच्याच लाईनवरचं उदाहरण घ्या. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. रिक्षाचे पैसे परवडत नसल्याने आई एका हातात किट बॅग आणि कडेवर धाकटा भाऊ घेऊन त्याला सरावाला चालत न्यायची, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. ती बॅग घेऊन लोकलच्या गर्दीत शिरणं काय असतं, ते खडवलीकरांना मी काय सांगावं! पण मला त्याचा पुढचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला भारताच्या कसोटी संघात पहिल्यांदा निवडलं आणि मैदानात उतरायला मिळालं ते २०१३ च्या मार्चमध्ये, दिल्लीला. मधले सोळा महिने तो संघाबरोबर फिरत होता. सराव करायचा, पाणी न्यायचं, कुणाच्या जागी क्षेत्ररक्षण करायचं. आणि एवढं थांबून पहिल्या कसोटीत धावा किती? ७ आणि १. एखाद्या घरात त्याच रात्री बॅग माळ्यावर गेली असती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या.

आपण सब्र म्हणतो तेव्हा बरेचदा गप्प बसून सोसणं एवढाच अर्थ घेतो. रहाणेचे ते सोळा महिने गप्प बसण्यात गेले नव्हते.

पाणी नेणं हलकं काम आहे, हे कुणी ठरवलं? बाराव्या खेळाडूला गोलंदाजी करता येत नाही, फलंदाजीही नाही. पण क्षेत्ररक्षण करता येतं, झेल घेता येतो. १९८३ साली अहमदाबादच्या कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध गुरशरण सिंग बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरला आणि त्याने चार झेल घेतले. त्याआधी कसोटीत कुणाही बदली खेळाडूने इतके झेल घेतले नव्हते. तेव्हा तो स्वतः एकही कसोटी खेळलेला नव्हता. बाहेर बसलेल्या मुलांपैकी कोण सामना बघतोय आणि कोण मोबाईल, हे प्रशिक्षकांना न बोलता दिसतं.

आता संघभावनेचं. हा शब्द शाळेच्या भाषणात ऐकून ऐकून गुळगुळीत झाला आहे, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेड. रहाणेच्या चुकीच्या हाकेमुळे विराट कोहली ७४ वर धावबाद झाला. पुढच्या डावात भारत ३६ धावांत गारद. कोहली घरी परतला आणि मेलबर्नला रहाणे कर्णधार झाला. तिथे त्याने शतक केलं, ११२ पर्यंत पोचला. समोर रवींद्र जडेजा ४९ वर होता, त्याला अर्धशतकाची एक धाव हवी होती. ती घेताना रहाणे धावबाद! कॅमेरे त्याचा चेहरा शोधत होते. तो जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं, खेळत राहा असं खुणावलं आणि मग तंबूकडे वळला. भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला.

त्याच सामन्यात हैदराबादच्या मोहम्मद सिराजचं पदार्पण होतं. वडील रिक्षा चालवायचे. सिराज ऑस्ट्रेलियात पोचल्यावर काही दिवसांतच त्यांचं निधन झालं. घरी परतायची मुभा असूनही तो संघाबरोबर थांबला. एवढं सगळं मनात घेऊन पहिल्या कसोटीत उतरला, तरी पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या हातात चेंडूच दिला गेला नाही. तो सीमारेषेवर धावत राहिला. दुपारी चेंडू मिळाला आणि लाबुशेनचा बळी घेतला. झेल शुभमन गिलचा, तोही पदार्पण करणारा. मालिका संपली तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक १३ बळी सिराजच्या नावावर होते.

आणि सरफराज खान. त्याचं नाव आपल्या घरोघरी निघतं, बहुतेक तक्रारीच्या सुरात. २०१९-२० च्या रणजी हंगामात ९२८ धावा, २०२१-२२ मध्ये ९८२. तरी कसोटीची टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. राजकोटला वडील नौशाद खान समोर उभे राहून रडत होते. त्या दिवशी तो ६२ वर खेळत असताना पुन्हा जडेजाच, या वेळी ९९ वर. हाक चुकली, सरफराज धावबाद. चूक माझी होती, असं जडेजाने नंतर जाहीरपणे मान्य केलं, आणि खेळात असं होतं म्हणून सरफराजने विषय संपवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात १५०. आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात नाव नाही. त्याला खूप उशिरा घेतलं आणि फार लवकर काढलं, असं माझंही मत आहे. पण ती चर्चा आपण करतोय. तो खेळतोय.

तुमच्या मुलापुरतं सांगायचं तर हा हंगाम पूर्ण होऊ द्या. मध्येच सोडू नका, पण मुदत ठरवा. सामन्याचा दिवस सोडून एखाद्या सरावाच्या दिवशी प्रशिक्षकांना त्यानेच विचारावं, "सर, मी कशात कमी पडतो?" तुम्ही त्याच्यासाठी बोलू नका. उत्तरात एखादी नेमकी गोष्ट आली, क्षेत्ररक्षण म्हणा, टप्पा म्हणा, तर तेवढ्यावरच दोन महिने काम करायचं. दोनदा विचारूनही नुसतं "बघू" असं उत्तर आलं, तर क्लब बदलायला हरकत नाही. तो पळपुटेपणा नव्हे. आणि डावखुरे फिरकी गोलंदाज कमी फलंदाजी करतात, हा समज मोडायला सांगा. आठव्या क्रमांकावर वीस धावा काढणारा मुलगा कर्णधाराला हवाच असतो.

गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा बंद करू नका, तिथे निदान दडपणात खेळायला मिळतं. फक्त सामन्याच्या आदल्या रात्री नको.

राहिले त्याचे अब्बा. त्यांचा राग पैशांचा नसावा, पोराचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नसावा. एका रविवारी त्यांना सोबत पाठवा. बोलायचं काही नाही, झाडाखाली बसून दिवसभर बघायचं. डबे मात्र तीन द्या. तिसरा त्या मुलाच्या जागेवर खेळणाऱ्या पोरासाठी.